आपल्या मुलखातली व्हिस्की चाखताना: बेळगाव, खानापूर, निपाणीकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान २१ वर्षांखालच्या कोणासाठीही नाही. जे पीत नाहीत त्यांनी प्यायला लागावं म्हणूनही ते लिहिलेलं नाही. पण जे घेतातच, त्यांच्यापैकी पुष्कळांना आपल्याच राज्यात आणि घाटाखाली गोव्यात जगाने नावाजलेली व्हिस्की बनते हे माहीत नसतं. माहीत असलं तरी ती सोड्यात बुडवून दोन घोटांत संपवली जाते. तसं होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

‘आपली’ व्हिस्की म्हणजे नेमकी कुठली?

या पानापुरती दोन ठिकाणची. एक बेंगळुरूची अमृत. राधाकृष्ण जगदाळे यांनी १९४८ साली ही कंपनी काढली. सुरुवातीची अनेक वर्षं रम, ब्रँडी असाच माल होता. तिची सिंगल माल्ट, म्हणजे एकाच डिस्टिलरीत नुसत्या सातूपासून (बार्लीपासून) केलेली व्हिस्की, २००४ साली बाजारात आली आणि तीही आधी इथे नाही, थेट स्कॉटलंडमध्ये, ग्लासगोला. तेव्हा भारतीय व्हिस्की म्हटलं की तिकडची माणसं हसत. २०१० मध्ये जिम मरे या ब्रिटिश समीक्षकाने ‘अमृत फ्यूजन’ला जगात तिसरा क्रमांक दिला, तेव्हा ते हसणं थांबलं.

दुसरी पॉल जॉन. कंपनी बेंगळुरूची, पण भट्टी दक्षिण गोव्यात कुंकळ्ळीला. तिची सिंगल माल्ट २०१२ साली लंडनमध्ये आली. बेळगावकराला गोवा परका कधीच नव्हता. भाजी आपली तिकडे जाते, मासे तिकडून इकडे येतात. म्हणून गोव्याची व्हिस्कीही मी आपल्यात धरतो.

आपल्या जिल्ह्यात इतक्या डिस्टिलऱ्या आहेत. त्यांची दारू आणि ही यांत फरक काय?

फरक कच्च्या मालापासूनच आहे, आणि तो ऊसपट्ट्यातल्या माणसाला समजावून सांगायला फार सोपा आहे.

उगार, संकेश्वर, चिक्कोडी, अथणी या बाजूला साखर कारखाना म्हटला की मळी आलीच. साखर काढून झाल्यावर उरणारा काळा, दाट, किंचित जळकट गोड वासाचा पाक. मळीत यीस्ट घालून आंबवतात आणि उंच स्तंभांमध्ये ऊर्ध्वपातन करून जवळजवळ शुद्ध अल्कोहोल काढतात. त्यालाच धंद्यात ईएनए म्हणतात. त्याला स्वतःची चव, वास जवळपास नसतोच. तो राहू नये म्हणूनच सगळी खटपट असते. आपल्याकडे ‘व्हिस्की’ म्हणून विकल्या जाणाऱ्या स्वस्त आणि मध्यम किमतीच्या पुष्कळ बाटल्यांत मुख्य माल हाच. त्यात थोडी माल्ट, रंग आणि स्वाद मिसळलेला असतो. युरोपात मळीच्या स्पिरिटला व्हिस्की म्हणायला कायद्याने मनाई आहे.

सिंगल माल्टचं गणित वेगळं. धान्य एकच, सातू. त्याला मोड आणायचे, वाळवायचे, भरडायचे. आपल्या घरात नाचणीचं सत्त्व करताना नाचणीला मोड आणतात ना, तेच तत्त्व. मोड आले की दाण्यातल्या पिठाची साखर होऊ लागते. मग गरम पाण्यात ती साखर उतरवायची, यीस्टने आंबवायची आणि तांब्याच्या भांड्यात दोनदा ऊर्ध्वपातन करायचं. तांबं गंधकाचा उग्रपणा खेचून घेतं, म्हणून तिथे स्टील चालत नाही. शेवटी ओकच्या पिंपात काही वर्षं मुरवायची. ‘सिंगल’ म्हणजे हे सगळं एकाच डिस्टिलरीतलं.

मळीच्या दारूची हेटाळणी करायला मी हे लिहीत नाही. मळीतून चांगली रम होते आणि ऊस हा आपल्या भागाचा संसार आहे. पण बाटलीत सातू आहे की मळी, हे पिणाऱ्याला ठाऊक असलं पाहिजे. लेबल वाचा. ‘सिंगल माल्ट’ हे शब्द छापलेले नसतील तर ती सिंगल माल्ट नाही, बाटली कितीही देखणी असो.

सातू उत्तरेतला, पिंपं अमेरिकेची. मग यात आपलं काय उरलं?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण विचारणारा विचार करून विचारतो.

सातू राजस्थान, पंजाब, हरियाणा भागातून येतो, हे खरं. पण तो भारतीय सातू आहे, कणसात दाण्यांच्या सहा ओळी असलेला. स्कॉटलंडमध्ये बहुधा दोन ओळींचा वापरतात. आपल्या सातूचा दाणा बारीक, त्यात पिष्ट कमी आणि प्रथिनं जास्त. म्हणजे टनामागे दारू कमी निघते, पण चवीत धान्याचा भरीवपणा येतो. पिंपं बहुतेक बर्बनची, म्हणजे अमेरिकेतल्या मक्याच्या व्हिस्कीची, वापरलेली. अमेरिकेत बर्बन नव्या, आतून जाळलेल्या पिंपातच मुरवावी लागते, त्यामुळे एकदा वापरलेली पिंपं जगभर विकली जातात. स्कॉटलंडवालेही तीच घेतात. त्यांना मात्र कोणी विचारत नाही की तुमचं काय उरलं.

उरते ती हवा. चवीचा मोठा भाग पिंपात घडतो आणि पिंपाला घडवते ती बाहेरची हवा. बेंगळुरू सुमारे ९०० मीटर उंचीवर. दुपारी कडक ऊन, रात्री गारवा. गोव्यात समुद्राचा दमटपणा आणि उष्मा. उन्हाने दारू फुगून लाकडात शिरते, गारव्याने आकसून परत येते आणि येताना लाकडातला रंग, गोडवा, तुरटपणा घेऊन येते. थंड देशात हे सावकाश चालतं. आपल्याकडे ते धडाक्यात होतं. ही हवा विकत आणता येत नाही.

पण वय चार-पाच वर्षांचंच. १२ वर्षांच्या स्कॉचपुढे ही कच्ची नाही का?

नाही. वर्षं मोजून व्हिस्की ठरवायची सवय स्कॉटलंडच्या हवेतली आहे, ती इथे लावू नये.

हिशोब करून बघा. पिंपातून दरवर्षी थोडी दारू हवेत उडून जाते. तिला ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. स्कॉटलंडमध्ये हा वाटा वर्षाला साधारण २ टक्के. बेंगळुरूत १० ते १२ टक्के. गोव्यात त्याहून थोडा कमी. २०० लिटरचं पिंप स्कॉटलंडमध्ये १२ वर्षं ठेवलं तर १५७ लिटरच्या आसपास उरेल. बेंगळुरूत १० टक्के धरले तरी चारच वर्षांत १३१ लिटरवर येईल. म्हणजे तिकडे बारा वर्षांत जेवढं उडतं त्याहून जास्त इथे चार वर्षांत उडालं. तीच पिंपं इथे १२ वर्षं ठेवली तर तळाला थोडीशीच, आणि तीही लाकडाने कडवट झालेली सापडण्याची भीती. अमृतने जास्त वर्षं मुरवलेल्या आपल्या मोजक्या बाटल्यांना ‘ग्रीडी एंजल्स’, म्हणजे हावरट देवदूत, असं नाव दिलं ते याच कारणाने.

त्यामुळे लेबलवर वय नाही म्हणून तोंड वाकडं करू नका.

ग्लास कुठला घ्यावा?

पोटाशी फुगीर, तोंडाशी निमुळता. नसेल तर वाईनचा छोटा ग्लास चालतो. स्टीलचा पेला नको, रंग दिसत नाही आणि वास पसरून जातो.

चाखायची कशी? आम्हाला पेग भरून प्यायचंच माहीत आहे.

पेग विसरा. २० मिली पुष्कळ झाली. जेवणानंतर नको, आधी. तंबाखू, गुटखा, मसाला पान खाऊन तासभर तरी झालेला असावा. निपाणीकरांना हे जड जाईल, पण चुन्याने भाजलेल्या जिभेला माल्टचं काही कळत नाही. अत्तर लावू नका, अगरबत्ती विझवा.

ग्लास तिरका करून हलकेच फिरवा आणि उजेडात धरा. काचेला चिकटलेली दारू बारीक ओघळांनी उतरताना दिसेल. ओघळ जाड आणि आळशी असतील तर अल्कोहोल आणि तेलकटपणा जास्त. एवढंच त्यातून कळतं, दर्जा कळत नाही.

आता वास. इथे बहुतेकांची घाई होते. नाक ग्लासात खुपसलं तर अल्कोहोलचा झटका बसतो आणि पुढची काही मिनिटं नाक बधिर. ग्लास हनुवटीपाशी धरा, ओठ किंचित उघडे ठेवा आणि हळूहळू वर आणा. तोंड उघडं असलं की झोंबत नाही. एकदा हुंगून ग्लास खाली ठेवा, दोन मिनिटं गप्पा मारा, परत हुंगा. दुसऱ्या वेळी पहिल्यापेक्षा वेगळंच काही येतं. तिसऱ्या वेळी आणखी.

वास पकडताच येत नसेल तर एक थेंब तळहातावर टाका आणि दोन्ही तळवे जोरात चोळा. अल्कोहोल उडून जाईल. मग ओंजळ नाकाशी न्या. ओला सातू, भाजलं धान्य, थोडं लाकूड असा वास स्पष्ट मिळेल. साध्या मळीच्या व्हिस्कीने हेच करून बघा. बरेचदा ओंजळीत काहीच उरत नाही, किंवा उरतो तो वरून घातलेला स्वाद. हा प्रयोग मी कोणालाही पहिल्यांदा करायला लावतो, कारण त्यानंतर फरक तोंडी सांगत बसावं लागत नाही.

मग छोटा घुटका. तो जिभेवर फिरवा, हिरड्यांपर्यंत जाऊ द्या, घाईने गिळू नका. पहिला घुटका तोंड सरावायचा, त्यावरून मत बनवू नका. दुसऱ्यात आधी काय लागलं, मध्ये काय, गिळल्यावर मागे काय राहिलं हे बघा. आपल्याकडच्या माल्टमध्ये सुरुवातीला बहुधा गोडवा आणि पिकल्या फळाची चव येते, मग मसाला, आणि शेवटी लाकडाचा तुरटपणा रेंगाळतो.

आता पाणी. थेंबाथेंबाने घाला, चमच्याने. पाणी पडलं की दबलेले वास उघडतात. अमृतची आणि पॉल जॉनची नेहमीची माल्ट बहुतेक ४६ टक्के अल्कोहोलची. तिला दोन-चार थेंब बास. फ्यूजन ५० टक्क्यांची आहे. कास्क स्ट्रेंथ, म्हणजे पिंपातून काढून पाणी न घालता भरलेली, ६० टक्क्यांच्या आसपास असते, तिला ३० मिलीमागे ९-१० मिली पाणी घातलं की ती ४६ च्या जवळ येते. तुलनेसाठी सांगतो, आपल्या नेहमीच्या क्वार्टरवर ४२.८ टक्के छापलेलं असतं. पाणी बाटलीतलं किंवा गाळलेलं घ्या. नळाच्या पाण्यात क्लोरिनचा वास असेल तर सगळी मेहनत वाया.

वर्णन करायला शब्दच सुचत नाहीत. समीक्षक तर कुठल्या कुठल्या फळांची नावं घेतात.

त्यांनी त्यांच्या परसातली फळं सांगितली. तुम्ही तुमच्या सांगा. ज्याने ब्लॅकबेरी कधी खाल्ली नाही त्याने ब्लॅकबेरी म्हणायचं काही कारण नाही.

आपल्या नाकात कमी साठा आहे का? गुऱ्हाळात काहिलीतला रस उतू जायच्या बेताला आल्यावरचा वास. खानापूरकडे जमिनीवर पडून फुटलेलं काजूबोंड. पिकलेला बरका फणस. तंबाखूची वखार उघडल्यावर येणारी गोडसर ऊब. कुंदा आटताना कढईच्या कडेला धरलेली खरपुडी. सुंठ, जायफळ, लवंग. मिरगाच्या आधीची भिजली माती. हे सगळे वास आपल्याला डोळे मिटून ओळखता येतात. एकदा बैठकीत खानापूरच्या एका काकांनी फ्यूजन हुंगून शांतपणे सांगितलं, “गुऱ्हाळाच्या चुलवणाजवळ बसल्यासारखं वाटतंय ओ.” त्यात धूर आला, गोडवा आला, ऊब आली. फ्यूजनमध्ये भारतीय सातूबरोबर पीटच्या धुरावर वाळवलेला स्कॉटिश सातू असतो. काकांना हे कोणी सांगितलं नव्हतं. मला त्यांचं वर्णन कुठल्याही समीक्षकाइतकंच मोलाचं वाटतं.

वही ठेवा. बाटली, तारीख, चार शब्द.

पीट म्हणजे काय?

दलदलीत शेकडो-हजारो वर्षं साचून अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. तो कापून, वाळवून जाळतात आणि त्या धुरावर सातू वाळवतात. चवीला धूर, राख, कधी औषधी वास येतो. पहिल्यांदा अनेकांना आवडत नाही. पॉल जॉनची ‘ब्रिलियन्स’ धुराविना आहे, ‘एडिटेड’मध्ये थोडा आहे, ‘बोल्ड’मध्ये भरपूर. याच क्रमाने गेलात तर धुराची ओळख नीट होते. एका संध्याकाळी दोन-तीन प्रकार असतील तेव्हाही धूर नेहमी शेवटी, नाहीतर पुढचं सगळं धुराचंच लागतं.

सोडा, बर्फ, कोक घातलं तर काय बिघडतं?

बाटली तुमची आहे. पण आधी थोडी नुसती चाखा, मग हवं ते घाला. बर्फाने वास बंद होतो आणि जीभ बधिर होते. एप्रिल-मेमध्ये बेळगावातसुद्धा खोली तापते तेव्हा एखादा मोठा खडा मी समजू शकतो. कोक मात्र नको. कोकच घालायचं असेल तर स्वस्तातली बाटली आणा, पैसे वाचतील.

पाणी घातल्यावर गढूळ झाली. बनावट असेल का?

उलट, हे बहुधा चांगलं लक्षण आहे. धान्यातली आणि लाकडातली काही तेलं अल्कोहोलमध्ये विरघळलेली असतात. पाण्याने किंवा थंडीने ती वेगळी होतात आणि धुकट दिसतात. अनेक कंपन्या व्हिस्की गार करून गाळतात आणि ही तेलं काढून टाकतात, म्हणजे ग्लासात कायम चकचकीत दिसते. ४६ टक्के किंवा वर ठेवली तर तशी गाळायची गरज सहसा पडत नाही. तेलं राहिली म्हणून चव राहिली.

चखण्याला काय?

शेव-चिवडा, लसणाची चटणी, तिखट फ्राय हे चाखताना नकोच, नंतर जेवताना खा. चाखताना खारवलेले नसलेले भाजके काजू उत्तम. खानापूर-चंदगडचे मिळाले तर काय पाहिजे. भाजके शेंगदाणे चालतात. गोकाकचा करदंट छोट्या तुकड्याने खाऊन बघा. त्यातला गूळ आणि डिंक लाकडाच्या तुरटपणाला छान सांभाळतो. कुंदा धुराच्या व्हिस्कीबरोबर अप्रतिम लागतो. नखाएवढा घ्या, वाटी घेऊन बसू नका.

गोव्याहून आणली तर स्वस्त पडते. आणावी का?

दारूवरचा कर प्रत्येक राज्याचा वेगळा, म्हणून किंमत वेगळी. पण गोव्यात विकायची बाटली परवान्याशिवाय कर्नाटकात आणणं बेकायदा आहे. चोर्ला घाटाने येताना कणकुंबीला तपासणी होते. चार पैसे वाचवायला खटला अंगावर घेऊ नका. तिथे गेलात तर तिथेच चाखा, आणि गाडी दुसऱ्याला चालवू द्या. १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवणं गुन्हा आहे, आणि चोर्ल्याच्या वळणांवर, जून-जुलैच्या धुक्यात, त्याहून कमीसुद्धा नको.

कोल्हापूर, गडहिंग्लजच्या पाहुण्यांसाठीही हेच. कोगनोळी ओलांडली की महाराष्ट्राचा दारूबंदी कायदा लागू होतो. तिथे पिण्यासाठीसुद्धा परवाना लागतो. भेट म्हणून बाटली पाठवू नका, त्यांनाच इकडे बोलवा.

बाटली खरी आहे हे कसं ओळखायचं?

कर्नाटकात कायदेशीर दारू २००३ पासून सरकारच्या पेय महामंडळामार्फतच दुकानात जाते आणि झाकणावर अबकारी खात्याचं लेबल असतं. ते फाटलेलं, दुसऱ्यांदा चिकटवलेलं दिसलं तर घेऊ नका. एमएसआयएल या सरकारी कंपनीचं दुकान किंवा ओळखीचं परवानाधारक दुकान गाठा आणि बिल मागा. ‘मिलिटरीतली आहे, निम्म्या किमतीत’ असं कोणी सांगत आलं तर लांब राहा. बनावट दारूत असू शकणारं मिथेनॉल हे विष वासाने किंवा चवीने ओळखता येत नाही. त्याने डोळे जातात, जीव जातो.

घरात माळकरी आहेत. काय करावं?

घरात आणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्याकडे घरोघरी पंढरीची वारी आहे, आणि दारूने बुडालेले संसार बघितलेल्या आयाबहिणीही घरोघरी आहेत. त्यांचा विरोध जुनाट नाही, तो अनुभवातून आलेला आहे. एखाद्या मित्राकडे, दोन-तीन जण मिळून, उघडपणे सांगून चाखा. चोरून प्यायची सवय लागली की चाखणं संपतं. श्रावण पाळत असाल तर पाळा, बाटलीला काही होत नाही.

किती घ्यावी? आणि कोणी घेऊच नये?

अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण पूर्ण सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं. ‘थोडी तब्येतीला चांगली’ हे मनातून काढून टाका. चाखायला बसलेल्या संध्याकाळी सगळं मिळून ४०-५० मिलीच्या आत राहा आणि मधून मधून पाणी प्या. गरोदर बाई, यकृताचा त्रास असलेले, साखरेच्या, झोपेच्या किंवा फिटच्या गोळ्या घेणारे, मेट्रोनिडाझोल या अँटिबायोटिकचा कोर्स चालू असलेले यांनी एक थेंबही नको. ज्याने कष्टाने दारू सोडली आहे त्याला ‘नुसता वास घे’ म्हणूनसुद्धा आग्रह करू नका. तो आग्रह करणारा मित्र नव्हे.

उरलेली बाटली पावसाळ्यात टिकेल का?

टिकते. वाईनसारखी आडवी ठेवू नका, उभीच ठेवा. जास्त अल्कोहोल बुचाला लागत राहिलं तर बूच झिजून तुटतं. अंधाऱ्या कपाटात, उन्हापासून आणि गॅसपासून लांब. आपल्याकडच्या पावसात बुचाच्या वरच्या बाजूला बुरशी धरू शकते, तेव्हा कोरड्या फडक्याने पुसत जा. निम्म्याहून जास्त रिकामी झाली की आतल्या हवेने चव हळूहळू मंदावते. मग ती उकळत्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवलेल्या छोट्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवा, त्यावर नाव आणि तारीख लिहा, आणि दिवाळीच्या सुमाराला संपवा.